पाच टक्के कुणी सांगितले?

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून मी वाल सोलत होते. भिजवून, मोड आणून कोमट पाण्यात टाकलेले वाल बोटांनी दाबले की साल हातात राहते आणि डाळिंबी ताटात पडते. या कामात हात अडकतात, डोकं मोकळं राहतं. म्हणून ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवलं होतं आणि पान उलटू नये म्हणून त्यावर लाटणं आडवं टाकलं होतं. दुपारी चार वाजता मला अंबरनाथच्या एका क्लासमध्ये डेमो लेक्चर द्यायचं होतं. ते जमलं तर नोकरी, नाही तर घरी वाल.

त्याआधी वीसेक वर्षं मी उल्हासनगरला रेडिमेड कपड्यांच्या एका होलसेल दुकानात बिलिंगला होते. सकाळी बदलापूरच्या बेलवलीतून निघायचं, विठ्ठलवाडीला उतरून चालत दुकानात जायचं, संध्याकाळी परत. दिवाळी झाली आणि सेठने धंदा भिवंडीच्या गोडाउनमध्ये हलवला. मला म्हणाला, "दीदी, अब तो सब मोबाइल पे हो जाता है. बहू देख लेगी." खोटं नव्हतं ते. त्याची सून माझ्यापेक्षा पटकन बिल करायची. निघताना त्यांनी मला साडी आणि काजूकतली दिली, मी घेतली, विषय संपला.

घरी बसणं मात्र जमेना. पहिल्या आठवड्यात मी मांडणीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले, दुसऱ्या आठवड्यात परत पहिल्यासारखे लावले. मधल्या वेळात दुकानं फिरले. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला नव्याने बिलिंगला कुणी ठेवत नाही. तसं तोंडावर कुणी म्हणत नाही, पाणी विचारतात आणि नंबर लिहून घेतात. अंबरनाथ पूर्वेला एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर बँकेच्या परीक्षांचा क्लास आहे. त्याच्या जिन्यात कागद चिकटवला होता, 'गणिताला शिक्षक हवेत'. मी वर गेले.

क्लास चालवणारा तिशी नुकती ओलांडलेला होता, सगळे त्याला सर म्हणतात. मला बघून तो म्हणाला, "बसा ताई. अ‍ॅडमिशन मुलाचं की मुलीचं?"

"माझं. शिकवायला."

त्याने खुर्ची नीट सरकवून दिली आणि बी.कॉम. कुठल्या सालचं ते विचारलं. मी सांगितलं. तो मनात वजाबाकी करतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी म्हटलं, "सरासरी, शेकडेवारी, कर, नफा-तोटा सगळं येतं. इतकी वर्षं तेच केलंय."

"ते ठीक आहे, मॅडम. पण डेटा सफिशियन्सी घ्याल? आमची मुलं तिथेच मार्क घालवतात. आधीचे सर त्याच्यावरूनच गेले."

"त्यांना येत नव्हतं?"

"त्यांना येत होतं. मुलांना येत नव्हतं."

त्याने एक पुस्तक हातात ठेवलं आणि सांगितलं की रविवारी चारला सरासरी आणि विक्रीकराचा धडा घ्या, तुमच्या ओळखीचा आहे.

धडा ओळखीचा होता, पण गणितं उलटी होती. एक प्रश्न असतो आणि त्याच्या खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. फक्त सांगायचं की उत्तर काढायला पहिलं विधान एकटं पुरेल, की दुसरं एकटं, की दोन्ही मिळून लागतील, की दोघांपैकी कुठलंही चालेल, की दोन्ही मिळूनही भागणार नाही. हे पाच पर्याय प्रत्येक प्रश्नाला तेच. समजा, दुकानाची पाच दिवसांची सरासरी विक्री विचारली आहे. पहिलं विधान पहिल्या चार दिवसांची सरासरी सांगतं, दुसरं पाचव्या दिवसाची विक्री. चार दिवसांच्या सरासरीवरून चार दिवसांची बेरीज मिळते, तीत पाचवा दिवस मिळवला की झालं. दोन्ही मिळून पुरतात. इथे थांबायचं.

मला थांबता येत नव्हतं. बेरीज करून, पाचाने भागून, आकडा समासात लिहूनच मी पुढच्या प्रश्नाकडे जायचे. दुकानात गिऱ्हाइकाला कधी कुणी सांगितलंय का, की बिल निघू शकतं, आता तुम्ही जा? नवरा केमिकल कंपनीत शिफ्टला असतो, त्या दिवशी त्याला सुट्टी होती. त्याने माझ्या खांद्यावरून पुस्तकात डोकावून पाहिलं.

"उत्तर काढायचंच नाही? मग गणित कसलं?"

"निघेल की नाही एवढंच सांगायचं."

"आमचा मॅनेजर हेच करतो. त्याला पगार जास्त आहे."

"चहा ठेवा," मी म्हटलं. माझे हात वालाच्या पाण्यात होते.

दुपारपर्यंत धड्यातले सगळे प्रश्न झाले. मागची उत्तरं ताडून पाहिली. दोन सोडून सगळी जुळली. न जुळणाऱ्यांतला एक प्रश्न शर्टांचा होता, एक चपलांचा. मी दोन्ही परत वाचले, माझंच बरोबर वाटलं, आणि उत्तरांच्या पानावर पेनाने लिहून टाकलं, 'छपाईची चूक'. मला त्याचा आनंदच झाला. ठरवलं की डेमोची सुरुवात शर्टांच्या प्रश्नानेच करायची. पुस्तकातली चूक पहिल्याच दिवशी काढून दाखवणारी बाई लक्षात राहते, असा माझा हिशेब.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पुस्तक चुकलं हे त्यांना आवडेल?"

"बरोबर आहे ते आवडेल."

"अगं, कुणाला आवडेल?"

वाल फोडणीला टाकले, साडी नेसले आणि निघाले.

वर्गात वीस-बावीस मुलंमुली होती. बहुतेक आठवडाभर कामाला जाणारे, म्हणून रविवारची बॅच. कुणी फर्निचरच्या दुकानात, कुणी मोबाइलच्या, तिघीचौघी उल्हासनगरला जीन्सच्या दुकानात. हे मी आधी विचारून घेतलं. एवढे दुकानदारीतले लोक बघून मला घरच्यासारखं वाटलं. सर मागच्या बाकावर जाऊन बसला.

मी फळ्यावर लिहिलं. प्रश्न: एका गिऱ्हाइकाने तीन शर्ट घेतले. विक्रीकर धरून एक शर्ट सरासरी केवढ्याला पडला? विधान एक: कर धरण्याआधी तिन्ही शर्टांची मिळून किंमत २४०० रुपये होती. विधान दोन: तिन्ही शर्टांवर ५ टक्के विक्रीकर लागला.

"मॅडम, विक्रीकर म्हणजे?" एकाने विचारलं.

"पुस्तक जुनं आहे. जीएसटी समजा."

दुसऱ्याने हात वर केला. "पण प्रत्येक शर्ट केवढ्याचा ते दिलेलं नाही."

"नकोच आहे ते. सरासरीला तिघांची बेरीज लागते, तिघांची जन्मतारीख लागत नाही." मुलं हसली. मागे सरने मान हलवल्यासारखं वाटलं. मला बरं वाटलं आणि मी जरा घाईने पुढे गेले. "सांगा, काय लागेल? पहिलं पुरेल?"

जीन्सच्या दुकानातल्या मुली एका सुरात म्हणाल्या, "पहिलं पुरेल."

"का?"

त्यातली एक उठली. "मॅडम, शर्ट पे पाँच ही लगता है. पक्का. आम्ही रोज लावतो."

"कच्च्या बिलावर काहीच लागत नाही," फर्निचरवाला म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला.

मी म्हटलं, "बरोबर. चोवीसशे, त्यावर पाच टक्के. बाकी काय पाहिजे? पहिलं विधान एकटं पुरेसं. आता गंमत बघा. पुस्तक म्हणतं, दोन्ही लागतील. पुस्तक चुकलंय."

पुढच्या बाकावर एक मुलगी होती. बदलापूरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावाची, इथे मावशीकडे राहून शिकणारी. ती हात वर न करताच म्हणाली, "मॅडम, मला पण दोन्हीच वाटतात."

"का गं?"

"पहिल्या विधानात पाच टक्के नाही लिहिलेले."

"लिहायला कशाला पाहिजे? शर्टाला पाचच लागतो."

"ते मला माहीत नव्हतं."

"आता सांगितलं ना."

"तुम्ही सांगितलं," ती म्हणाली. "विधानाने नाही. आमच्याकडे दुकानवाला बिलच देत नाही. मी परीक्षेत बसले आणि पाच माहीत नसले, तर मला पहिल्यावरून उत्तर काढताच येणार नाही. आणि पेपर तर सगळ्यांना एकच असतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, जीके वाढव." ती मागे वळली नाही. माझ्याकडेच बघत राहिली. चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं, म्हणून मला जास्त अडचण झाली.

मी तोंड उघडलं ते तिला गप्प करायलाच. दर कसा सगळीकडे सारखा असतो, कायदा कसा एकच आहे, हे सांगणार होते. तेवढ्यात आठवलं की कायदा तर आताच बदललाय. सप्टेंबरच्या शेवटी दुकानातल्या कॉम्प्युटरवर दर मीच बदलले होते. त्याच्या आधी हजारावरच्या शर्टाला बारा टक्के होते. हे पुस्तक तेव्हाचं किंवा त्याहूनही जुनं. चोवीसशेच्या तीन शर्टांत एक बाराशेचा असला, तर त्याला बारा लागले असते आणि बाकीच्या दोघांना पाच. मग माझं पाच टक्क्यांचं उत्तर गेलं. जो दर मी देवाने लिहून दिल्यासारखा धरून बसले होते, तो दोन महिन्यांचा होता.

सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. मला तिला दरडावून गप्प बसवता आलं असतं. विषय बदलून पुढचा प्रश्न घेता आला असता, तसं करणारे शिक्षक मी शाळेत पाहिलेत. पण ती मुलगी घरी जाऊन तोच प्रश्न मावशीला विचारेल, असलं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मला ते नको होतं.

"पुस्तक बरोबर आहे," मी म्हटलं. "मी चुकले. आणि तुम्हीही चुकलात, जीन्सवाल्यांनो. हसताय काय?"

"पण मॅडम, पाँच तो सही है ना?" मघाची जीन्सवाली परत उठली. तिला पटेना. रोज दहा तास ती तोच दर लावत होती.

"दुकानात सही. फळ्यावर नाही. फळ्यावर पाच आहे का, पहिल्या विधानात दाखव."

तिने फळ्याकडे पाहिलं. "नाहीये."

"मग आला कुठून?"

"डोक्यातून."

"बस. तुझ्या डोक्यातून आला, माझ्या डोक्यातून आला. प्रश्न काढणाऱ्याने दिला नाही. आता सगळ्यांनी एक करायचं. पहिलं विधान वाचताना दुसऱ्यावर हात ठेवायचा. दुसरं वाचताना पहिल्यावर. आणि आपापलं दुकान बंद ठेवायचं. कुलूप लावून यायचं."

मग मी भराभर प्रश्न घेतले. चपलांचाही घेतला. तिथेही मी तेच केलं होतं, दर घरून आणला होता. प्रत्येक वेळी एकेकाला उठवून विचारलं, की जो आकडा वापरलास तो कुणी सांगितला, बोट ठेव. मुलं बोट ठेवायला फळ्यापर्यंत यायला लागली. फर्निचरवाला एकदा आला, बोट ठेवायला जागा सापडेना, तसाच परत जाऊन बसला. शेवटच्या प्रश्नाला मी स्वतः आकडा न काढता थांबले. बोटं वळवळत होती. सरासरी काय येते ते मला दिसत होतं, लिहिलं नाही.

मुलं गेल्यावर सर म्हणाला, "छान घेतलंत, मॅडम. विचार करून कळवतो."

"काय विचार करणार?"

तो हसला. "कळवतो ना."

घरी आले तर नवऱ्याने वालाचं बिरडं अर्धं संपवलं होतं.

"काय म्हणाला?"

"कळवतो म्हणाला."

"म्हणजे नाही."

"असं कुठे म्हणाला?"

"अगं, मला तीस वर्षांचा अनुभव आहे. कळवतो म्हणजे नाही."

"तुमचे पाच टक्के त्यात घालू नका," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही, मी समजावलंही नाही. भात वाढला, जेवले, भांडी घासली. मग ओटा पुसला. मग परत पुसला. कळवतो या शब्दातून होय निघत नाही आणि नाहीही निघत नाही. फळ्यावर असता तर मी मुलांना पाचवा पर्याय, दोन्ही मिळूनही भागत नाही, लावायला सांगितला असता, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळवलं असतं. इथे पुढचा प्रश्न नव्हता. तो फोन करेल म्हणून मी मोबाइल ओट्यावर ठेवला, मग खोलीत नेला, मग चार्जिंगला लावला. चार्जिंग भरपूर होतं. चूक कबूल केली ते त्याला आवडलं की खटकलं? मुलं हसली ती माझ्याबरोबर की मला? आधीच्या सरांना येत होतं म्हणाला, मग माझ्याबद्दल पुढच्या माणसाला काय सांगेल? नवरा म्हणाला, "झोप आता, सारखी उठते काय." मी पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून त्याला शिफ्टला पाठवलं आणि सातच्या आत अंबरनाथला पोचले. सर जिन्यात शटरचं कुलूप उघडत होता. मला बघून दचकला.

"मॅडम, मी फोन करणारच होतो."

"करायची गरज नाही, मी आले. दोनच गोष्टी विचारते. तुम्हाला नाही म्हणायचंय का?"

"नाही, तसं नाही."

"मग हो म्हणायला काय कमी पडतंय?"

त्याने कुलूप हातात धरून ठेवलं. मग खरं बोलला. "चूक मान्य केलीत ते मला आवडलं, मॅडम. पण मुलं ग्रुपवर लिहितात. नव्या मॅडमना उत्तर येत नव्हतं, असं कुणी टाकलं तर बाकीचे फी भरायच्या आधी दहा वेळा विचार करतील. आणि उद्या अजून एक सर डेमोला येतायत."

"टाकलं का कुणी?"

"अजून नाही."

"मग ते तुमच्या डोक्यातलं आहे. उद्याच्या सरांना उद्या बघा. सकाळची बॅच कुणाची?"

"सध्या मीच घेतो."

"विषय?"

"काळ, काम, वेग."

"मी घेते. तुम्ही मागे बसा. एका लेक्चरवरून सांगता येत नसेल तर दुसरं बघा."

मी त्याच्या बाजूने आत शिरले. फळ्यावर माझा कालचा शेवटचा प्रश्न तसाच होता, तो पुसला. खिडकी उघडली. पहिली दोन मुलं जिना चढून आली, मला बघून थबकली आणि सरकडे वळली. सरने हातानेच बसा म्हणून खुणावलं आणि स्वतः मागच्या बाकाकडे गेला. मी मार्कर उचलला आणि लिहिलं, एक नळ टाकी सहा तासांत भरतो.